जोगिणीच्या ओढ्यात काकूंच्या चपला

फिनिक्स

हिमालय पाहून आलेल्या माणसानं डोळे अर्धवट मिटून "काय सांगू, शब्दच नाहीत" असं म्हणायचं असतं. परत आल्यापासून इथं मॉरिशसमध्ये, आमच्या फिनिक्स गावात मला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्या सगळ्यांची हीच अपेक्षा होती. माझी अडचण उलटी आहे. माझ्याकडे शब्द पुष्कळ आहेत, फक्त ते भक्तिभावाचे नाहीत. ज्यांना बर्फाच्या शिखरांचं वर्णन हवं असेल त्यांनी शिंप्याच्या दुकानातलं कॅलेंडर पाहावं. त्यात शिखरं आहेत, आणि आम्ही पाहिली त्यापेक्षा स्वच्छ आहेत, कारण आम्ही होतो तेव्हा निम्मा वेळ ढगच होते.

आम्ही देवदर्शनाला जातोय असं आईनं शेजारीपाजारी सांगितलं होतं. खरं म्हणजे मला दाखवायला नेलं होतं.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून काही पाहुणे मॉरिशसला आले होते, त्यातले एक गृहस्थ आमच्या घरी राहिले. माझे वडील, म्हणजे पापा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. गणपतीच्या देवळाला लागून एक खोली आहे, तिथं ते दर शनिवारी मुलांना मराठी शिकवतात. वीस वर्षं शिकवतायत, एक पैसा न घेता. पुण्याचा माणूस आपल्या घरात झोपला, आपल्या हातचं जेवला, याचंच त्यांना इतकं अप्रूप की तो माणूस गेल्यावर आठवडाभर त्याची खुर्ची कुणाला बसायला दिली नाही. पुढं पुण्याहून पत्रं यायला लागली. त्या गृहस्थांचा मुलगा इंजिनियर, नाव अविनाश. आपली लीला आम्हाला पसंत पडण्यासारखी आहे. या मे महिन्यात अविनाश आणि त्याची आई, म्हणजे काकू, मनालीला जाणार आहेत, तुम्ही दोघं आलात तर सहवास घडेल, मुलांची ओळख होईल. काकांना रजा नव्हती.

पापांनी आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या होत्या: एकदा आपल्या लोकांचा देश बघायचा, आणि जावई तिकडचा करायचा. दोन्ही एका तिकिटात मिळत होत्या. मी सव्वीस वर्षांची, प्राथमिक शाळेत मराठीची शिक्षिका. मला नाही म्हणण्यासारखं काही सुचलं नाही. शेजारची पोरगी स्वेटरच्या कारखान्यात कामाला आहे. तिनं दोन स्वेटर आणून दिले, परदेशी गिऱ्हाइकानं नाकारलेले. माझ्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब होती. आईनं लोणचं आणि व्हॅनिलाचा चहा बांधून दिला आणि आम्ही निघालो.

मनाली

विमान, आगगाडी आणि रात्रभराची बस यांच्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांना ओकारीत रस आहे त्यांनी मला प्रत्यक्ष भेटावं.

मनाली म्हणजे एक लांब रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना शाली विकणारे आणि मधून नवी लग्नं झालेली जोडपी. नवरीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या, नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. थोडं वर गेलं की गोरी पोरं दिसतात, केसांच्या जटा झालेली, अनवाणी, चिलीम ओढत भिंतीला टेकून बसलेली. आमच्या बेटावर गोरा माणूस उसाच्या मळ्याचा मालक असतो आणि इस्त्रीची अर्धी चड्डी घालून जीपमधून फिरतो. इथं त्याला भिकाऱ्यासारखा बसलेला पाहून पापांना काय वाटलं कोण जाणे. पहिल्या दिवशी तर ते त्यातल्या एकाला सवयीनं नमस्कार करून आले.

काकू दिसायला नीटनेटक्या, गोऱ्या, बोलण्यात कुठंही अडखळत नाहीत. स्टोव्ह, मेतकूट, लाडू, सगळं बरोबर आणलेलं. आमचं लोणचं त्यांनी चमच्याच्या टोकावर घेऊन पाहिलं आणि झाकण लावलं. त्यांनी मला पहिल्या तासात तीन गोष्टी शिकवल्या. वडिलांना पापा म्हणू नये, बाबा म्हणावं. चहा पिताना बशी वापरावी. आणि "मी गेलती" असं म्हणू नये. मी पुस्तकातली मराठी लिहिते, ही जशी आत्ता लिहितेय तशी. पण बोलताना घरचीच तोंडात येते, आणि ती कुठल्या काळी कोकणातून आणि घाटावरून बोटीत बसून आली तशीच आहे. वर तिला बेटावरच्या फ्रेंचमिश्रित क्रेओलची आणि भोजपुरीची फोडणी.

पापा तर तीच बोलतात, दुसरी त्यांना येत नाही. पहिल्या संध्याकाळी ते काकूंना उसाच्या हंगामाबद्दल सांगत होते. काकू हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही, गणपतराव! आमच्याकडे भांडी घासायला एक म्हातारी यायची, अगदी असंच बोलायची."

पापा हसले. त्यांना ते कौतुक वाटलं. मला ते कौतुक वाटलं नाही, पण काकूंना खरोखरच कौतुक करायचं होतं. त्यांचा तो सगळ्यात वाईट गुण होता.

अविनाशबद्दल काय लिहावं? वाईट म्हणावं असं त्यानं काही केलं नाही. तो फोटो काढत होता. दर वळणावर थांबायचा, डोळा मिटायचा, "रम्य" म्हणायचा आणि पुढं चालायचा. माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. मॉरिशसहून फ्रान्सला जायला सोपं पडतं का, तिथली नागरिकता किती वर्षांत मिळते, हे त्यानं दोनदा विचारलं. मी त्याला सांगितलं की फ्रान्स आमच्यापासून पुण्याहून आहे त्याहून लांब आहे. तो जरा खट्टू झाल्यासारखा वाटला.

हॉटेलात सामान उचलणारा माणूस बिहारकडचा होता. काकूंनी त्याला फर्मावलं, "ए भैया, ये बॅगा वर नेके ठेवो, आणि गरम पाणी लाव." तो नुसता बघत राहिला. तेव्हा पापा पुढं झाले आणि आमच्या तेर रूजच्या बाजारात बोलतात तसे बोलले, "का हो भैया, कौन जिला के?" त्या माणसाचा चेहरा एकदम फुलला. समुद्रापलीकडच्या म्हाताऱ्याच्या तोंडून आपल्या आजोबांची बोली ऐकून तो बॅगा विसरला आणि पापांच्या गुडघ्याला हात लावून जिन्यावरच बसला. पाणी लगेच आलं, रात्री पापांच्या ताटात जास्तीचा राजमा आला. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, नोकरमाणसांशी इतकं बोलणं बरं दिसत नाही, वडिलांना सांग. मी सांगितलं नाही.

वसिष्ठ

तिसऱ्या दिवशी नदी ओलांडून वरच्या अंगाला असलेल्या वसिष्ठ गावात गेलो. दगड आणि लाकूड एकावर एक रचून बांधलेली घरं, खाली गुरं आणि वर माणसं, अंगणात लाकडाच्या मोळ्या. देऊळ जुनं, लाकडावर कोरीवकाम, आत काळ्या दगडाचा ऋषी, त्याचे डोळे चांदीचे. त्या डोळ्यांनी तो सगळ्यांकडे सारख्याच नाराजीनं बघतो. मला तो आवडला.

देवळातच गरम पाण्याची कुंडं आहेत, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पाण्याला गंधकाचा वास येतो, सडक्या अंड्यासारखा. बाहेर तेच पाणी तोट्यांतून पडतं आणि तिथं गावातल्या बायका कपडे धुतात, भांडी घासतात. काकू नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. तीर्थाच्या पाण्यात भांडी घासतात म्हणजे यांना धर्म कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे शिवरात्रीला गंगा तलावावर जी कागदं आणि केळ्याच्या साली पडतात ती मला आठवली.

मी कुंडात उतरले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं न विचारता माझी पाठ घासायला घेतली, भांडं घासावं तशी. कुठली म्हणून विचारलं. मी मॉरिशस म्हटलं, तिला कळलं नाही. समुद्राच्या पलीकडे म्हटलं, तर तिनं समुद्र पाहिला नव्हता. शेवटी म्हणाली, लांबची का? मी हो म्हटलं. तेवढं तिला पुरलं. त्या प्रवासात माझ्याबद्दल इतक्या थोडक्यात समाधान झालेली ती एकटीच.

जोगिणी

गावाच्या पुढं सफरचंदाच्या बागांमधून आणि मग देवदारांतून वाट जाते ती जोगिणीच्या धबधब्याला. सफरचंदं अजून सुपारीएवढी होती. वाट सोपी आहे, असं लोक सांगतात. ज्यांना दोन्ही हात मोकळे असतील त्यांना ती सोपी असेल. माझ्या एका हातात काकूंचा थर्मास होता आणि दुसऱ्यात काकू.

धबधबा उंच आहे, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या तामारँच्या धबधब्यांपेक्षा पुष्कळ उंच. पण आमचे सात आहेत, हिरवेगार आहेत, आणि त्यांच्याखाली उभं राहिलं तर माणूस मरत नाही. हे पाणी बर्फातून सुटून आलेलं. वरून पडताना त्याचा निम्मा धूर होतो, खाली उरलेलं दगडांतून पांढरं होऊन धावत सुटतं. त्याच्या काठाला देवीचं ठाणं आहे. देऊळ म्हणण्याइतकंही मोठं नाही: दगड, त्रिशूळ, लाल फडकी, घंटा. जोगिण्या तिथं राहतात अशी गावाची श्रद्धा.

गवताचा भारा पाठीवर घेतलेली एक म्हातारी तिथं टेकली होती. डोक्याला रंगीत रुमाल बांधलेला. तिनं काकूंच्या पायांकडे बोट दाखवून मोडक्या हिंदीत सांगितलं, चामडं इथं चालत नाही, मातेचं ठाणं आहे. काकूंच्या चपला चामड्याच्या होत्या. आपण शिकलेली माणसं, असल्या गोष्टी मानत नाही, असं काहीसं काकू मराठीत म्हणाल्या, पण म्हातारी हलेना. शेवटी चपला काढून ओढ्याकाठच्या एका सपाट दगडावर ठेवल्या. पापांनी आधीच आपले कापडी बूट काढून लांब झाडाखाली ठेवले होते. ते कापडाचे होते, चालले असते. पण पापा देवापुढं बूट घालून कधी उभे राहिलेले नाहीत.

पापांनी फिनिक्सहून आणलेला कापूर दगडावर लावला आणि हात जोडून देवीचं गाणं म्हणायला सुरुवात केली. हे गाणं त्यांना त्यांच्या आजीनं शिकवलं, आजीला तिच्या आईनं. आमच्या देवळात नवरात्रात ते म्हणतातच. त्यात एक शब्द आहे, त्याचा अर्थ आता कुणालाच ठाऊक नाही, पापांनाही नाही. जिभेवरून जिभेवर येताना तो झिजला असणार. पापा तो शब्द सगळ्यात मोठ्यानं म्हणतात.

काकूंनी हात वर केला. "थांबा, थांबा, गणपतराव. हा शब्दच मराठीत नाही. देवीपुढं चुकीचं म्हणू नये." आणि त्यांनी स्वतः आरती सुरू केली, स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न चुकता. अविनाशनं त्यांचा फोटो काढला. पापा मागं सरकले. कापूर विझला तरी त्यांचे हात जोडलेलेच होते.

आरती संपली आणि काकूंनी जागच्या जागी प्रदक्षिणा घातली. ओल्या दगडावर त्यांचा पाय फिरला, तोल सावरताना टाच चपलांना लागली आणि दोन्ही चपला ओढ्यात गेल्या.

काकू ओरडल्या. अविनाश कॅमेऱ्याचं झाकण शोधत होता. मी थर्मास खाली ठेवेपर्यंत पापा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले होते. साठीच्या वरचा माणूस, ज्याला फिनिक्सच्या पावसात खोकला होतो. दगडाला धरून धरून त्यांनी एक चप्पल पकडली आणि वर दाखवली. हसत होते. काकू म्हणाल्या, "आणि दुसरी? ती बघा, त्या मोठ्या दगडापाशी दिसतेय."

पापा पुढं गेले. तिथं पाणी खोल होतं. ते एकदम खाली बसले आणि छातीपर्यंत बुडाले, चप्पल धरलेला हात तेवढा वर.

"पापा," मी ओरडले, "सोर्ती दां दिलो!" पाण्यातनं बाहेर या. त्या क्षणी मला ना पुस्तकातली मराठी सुचली ना घरची. क्रेओलच तोंडातून आलं.

मी आणि ती म्हातारी, दोघींनी त्यांना ओढून काढलं. ओठ निळे पडले होते. म्हातारीनं भारा सोडला आणि सुकं गवत मुठीत घेऊन त्यांचे पाय खसाखसा घासायला लागली. घासता घासता ती अविनाशकडे बघून आपल्या पहाडी बोलीत काही तरी बोलत होती. तिची भाषा आम्हाला कुणालाच येत नव्हती, पण समजलं सगळ्यांना. तो दोन पावलं मागं सरकला. मी माझा स्वेटर पापांना घातला.

दुसरी चप्पल खाली वाहून गेली. आता चालणार कशी, असं काकू विचारायला लागल्या. पापा थरथरत आपले कापडी बूट घेऊन आले, ते कोरडे होते. म्हणाले, हे घ्या, माझं काय, मी अनवाणी चालतो.

मी अविनाशला म्हटलं, "तुमचे बूट द्या काकूंना."

त्यानं आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं. "मला लगेच सर्दी होते," तो मराठीत म्हणाला. माझ्याशी तो मराठीत बोलला ते एवढंच.

म्हणून काकू पापांचे बूट घालून उतरल्या आणि पापा अनवाणी. माझे बूट त्यांच्या पायात जाईनात. वाटेवर देवदाराच्या सुया आणि खडे होते. मी त्यांच्या मागं चालत होते आणि त्यांच्या टाचा बघत होते. मला काकूंचा राग आलाच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त पापांचा आला. कारखान्यात गोऱ्या साहेबापुढं न वाकलेला माणूस इथं चपलेसाठी वाकला, का, तर ती चप्पल पुण्याची होती.

चहाची टपरी

गावात पोचल्यावर चहाच्या टपरीत चुलीजवळ बसलो. पापांनी दोन्ही हातांत ग्लास धरला होता. काकूंना आता बरं वाटत होतं. बरं वाटलं की त्या योजना करतात. डिसेंबरात लग्न, पुण्यात. कार्यालयही त्यांनी मनात धरलेलं. मग आवाज जरा खाली आणून पापांना म्हणाल्या, की तुमच्याकडची माणसं मोजकीच आणा. सगळे असं बोलायला लागले तर मांडवात हसं होईल. लीलाची काळजी करू नका, वर्षभरात तिची भाषा शुद्ध करून घेते मी.

पापा ग्लासात बघत होते.

मी म्हटलं, "काकू, मला हे लग्न करायचं नाही."

अविनाशनं मान वर केली आणि परत खाली घातली. काकू हसल्या, वर्गात पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर हसतात तशा. मला नक्की काय म्हणायचंय ते त्यांना कळलं नाही म्हणाल्या. आमच्या त्या बोलीत कदाचित याचा अर्थ वेगळा होत असेल. मग पापांकडे वळल्या. "गणपतराव, काय म्हणतेय ही?"

ज्या गोष्टीसाठी ते आयुष्यभर थांबले होते ती त्यांच्या समोर बसली होती, त्यांचेच बूट घालून. त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही माहीत नाही.

पापांनी ग्लास खाली ठेवला.

"मराटीत बोलली की वो ती," ते म्हणाले. "तुमाला नाय कळलं?"

आवाज चढवला नाही. मग उठले, टपरीवाल्याला भोजपुरीत आणखी एक चहा सांगितला आणि चुलीच्या आणखी जवळ जाऊन बसले.

परतीची वाट

यानंतर सगळे मोकळे हसले, मिठ्या मारल्या, असं काही झालं नाही. दिल्लीपर्यंत एकाच बसमध्ये होतो. काकू आमच्याशी अविनाशमार्फत बोलत होत्या, आणि अविनाश आधीही फारसा बोलत नव्हता. त्यामुळे शांतता छान होती. बूट त्यांनी कागदात गुंडाळून परत केले. दिल्लीच्या स्टेशनवर त्यांनी मला वाकून नमस्कार करू दिला, आणि त्या गर्दीत मी काय पुटपुटले ते दुरुस्त केलं नाही.

पापांना खोकला झाला होता. ते माझ्याशी क्रेओलमध्ये बोलायला लागले होते, तेही गरजेपुरतं. पाणी दे, खिडकी लाव. घरात मराठी सोडून दुसरी भाषा बोलू न देणारा माणूस. मला वाटलं, माझ्यावर रागावले. मग वाटलं, माझ्यावर नाही, त्या भाषेवर रागावले, आणि ते मला जास्त भीतीदायक वाटलं. शनिवारच्या खोलीत त्यांची पंधरा-वीस पोरं वाट बघत होती. या माणसाला काकूंनी एका हातवाऱ्यानं सांगितलं होतं की तू वीस वर्षं चुकीचं शिकवलंस.

विमानात, समुद्रावर आल्यावर, त्यांनी विचारलं, "तुला त्यो आवडला व्हता का?"

"नाय," मी म्हटलं.

"मंग ब्येस झालं," ते म्हणाले आणि डोळे मिटले. झोपले नव्हते. किती तरी वेळानं, डोळे न उघडता, त्यांनी सांगितलं की त्यांना तो आवडला होता. आधी, पत्रातला.

प्लेझांस

प्लेझांसच्या विमानतळावर मामा व्हॅन घेऊन आला होता. व्हॅनमध्ये आई, मावशी, शेजारचे दोघं, आणि अर्ध्या वाटेत चढलेला देवळाचा पुजारी. डाळीचे गरम गातो पिमा, म्हणजे मिरचीचे वडे, कागदातून फिरत होते, त्यांचा मिरचीचा वास सगळीकडे भरला होता. पाऊस भुरभुरत होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस तुऱ्यावर आला होता. लग्नाचं कुणीच विचारलं नाही. आईनं आमचे चेहरे पाहिले होते आणि सगळ्यांना डोळ्यांनीच बजावलं होतं.

पण मामाला राहवेना. त्याची सारी हयात बस चालवण्यात गेली, फ्लाकपासून पोर्ट लुईपर्यंत, त्यापलीकडे तो कधी गेला नाही. गाडी चालवता चालवता आरशात बघून त्यानं विचारलं, "दाजी, कसा हाय आपला देस?"

सगळे पापांकडे बघत होते. पुजारी तर खाता खाता थांबला. मीही बघत होते, आणि मला कळत होतं की ते कुठल्या भाषेत उत्तर देतात यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

पापांनी तोंडातला घास गिळला.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "थंडी लय." मग थोडा विचार करून म्हणाले, "आपल्याला पाव्हन्यासारकं ठेवत्यात."

मामा खूश झाला. मागच्या बाकावरच्यांना त्यानं ते मोठ्यानं परत सांगितलं, ऐकलं का, पाव्हन्यासारकं. त्यांनीही माना डोलावल्या. पापा खिडकीबाहेर ऊस बघत होते.